तान्ह्या बाळाला हिवाळ्यात पहिल्यांदा गावी नेताना

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईतल्या नव्या आईबापांना गावाकडून फोन सुरू होतात. "पोराला कवा आणताय? म्हातारी वाट बघतीया." बारसं पुण्यातल्या एखाद्या हॉलमध्ये उरकलेलं असतं, त्याला गावाकडची चार माणसं येऊनही गेलेली असतात, पण साताऱ्याकडच्या घरांत बाळ खरं दाखवायचं ते गावच्या घरीच. मी अशाच एका मोठ्या घरातली थोरली जाऊ आहे. आमच्याकडे बहुतेक हिवाळ्यांत कुणा ना कुणाचं तान्हं पहिल्यांदा उंबरठा ओलांडतं. आई रडकुंडीला आलेली, बाप मधल्यामध्ये सापडलेला आणि पणजी रुसून बसलेली, हे सगळं मी पुरेसं पाहिलंय.

ते टाळता येतं. डॉक्टरांचं ऐकायचं की आजीचं, असा पेच घालून घेऊ नका. आपल्या बहुतेक रीतींमध्ये मायेचा भाग मोठा असतो आणि त्याला एखादी धोक्याची गोष्ट चिकटलेली असते. तेवढी सोडवायची, आणि ज्या माणसाच्या हातून ती काढून घेतली त्याच्या हातात लगेच दुसरं काहीतरी द्यायचं. रिकामा हात रुसतो.

कधी जायचं

बाळ पूर्ण दिवसांचं असेल, वजन नीट वाढत असेल, तर साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर जावं असं माझं मत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट लस असते. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) या पाच रोगांपासून ती संरक्षण देते. गर्दीत न्यायच्या आधी हे तीन डोस झालेले बरे. तेवढं थांबणं जमत नसेल तर निदान दीड महिन्याची लस होऊ द्या. दिवसांआधी जन्मलेलं किंवा जन्मतः अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तारीख कळवूच नका. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे वाक्य गावात अजूनही चालतं, ते वापरा.

लस दिली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो, असं करू नका. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर होते. तो ताप गावी पोहोचल्यावर आला की लगेच "प्रवास बाधला", "कुणाची तरी नजर लागली" हे सुरू होतं आणि खरं कारण बाजूला राहतं.

माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. चुकून डोस राहिला तर ते कार्ड दाखवून गावच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी मोफत लस मिळते. आशाताईंना दिवस माहीत असतो.

निघायच्या आधीचा फोन

हा फोन ज्याचं गाव त्याने करायचा. म्हणजे नवऱ्याच्या गावी जायचं असेल तर नवऱ्याने, बायकोच्या माहेरी जायचं असेल तर बायकोने. पुढचे सगळे दिवस हाच नियम पाळा. सुनेने "नको" म्हटलं की ती शहरातली, शिकलेली, जरा जास्तच शहाणी ठरते. तेच लेकाने म्हटलं की "बापाला काळजी हाय" होतं. हे न्याय्य नाही, पण चार दिवसांच्या मुक्कामात ते बदलायला निघू नका.

फोन सगळ्यांना करू नका. घरातली एक बाई हेरा, जिचा शब्द चालतो आणि जी तुमच्या बाजूने बोलेल. कधी ती सासू असते, कधी थोरली जाऊ, कधी लग्न होऊनही माहेरात वजन असलेली आत्या. तिला सगळं आधी सांगा: बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, कुणी मुका घ्यायचा नाही, हात धुऊनच बाळ घ्यायचं, ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने लांबून बघायचं. मग विचारा, "आक्का, हे तुम्ही सांभाळाल का?" हा प्रश्न महत्त्वाचा. नियम तुमचे असले तरी अंमलबजावणी तिची झाली की ती कुणाचंही ऐकत नाही. आमच्या घरात हे काम माझ्याकडे असतं आणि मला ते आवडतं, हे कबूल करते.

त्याच फोनवर एक नाजूक गोष्ट विचारून घ्या. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला आहे का? म्हाताऱ्या माणसाचा जुना खोकला घरच्यांच्या कानाला सवयीचा झालेला असतो. दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ती तुम्ही जायच्या आधी करून घ्यायला सांगा. जन्मतः दिलेली बीसीजी तान्ह्यांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण ती सगळं अडवत नाही. "बाळासाठी" म्हटलं की जे आबा स्वतःसाठी कधी दवाखान्यात जात नाहीत तेही जातात.

वाट

पुण्याहून सातारा साधारण एकशे दहा किलोमीटर. मोकळा रस्ता असेल तर अडीच तास, पण शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांत खंबाटकी घाटात गाड्या अडकतात. अडकलेल्या गाडीत भुकेलं बाळ म्हणजे काय, ते एकदा अनुभवलेला माणूस पुन्हा शनिवारी निघत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी ऊन पडल्यावर निघा. शिरवळला थांबून बाळाला पाजा, लंगोट बदला, मगच घाट चढा. वाईकडचे लोक सुरूरला वळतात, बाकीच्यांना पुढे जायचं असतं. कराडकडे जायचं तर साताऱ्यालाही एकदा थांबा.

बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसू नका. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट वापरा. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर १००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड राहू द्या, अचानक ब्रेक लागला की मांडीवरचं बाळ हातात राहत नाही. सीटमध्ये जाड कपड्यांसकट कोंबून पट्टा लावू नका, तो सैल राहतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं. दर दोन तासांनी बाळाला सीटमधून बाहेर काढा.

मुंबईहून येणाऱ्यांना मी रेल्वे सुचवते. कोयना एक्स्प्रेस दिवसाची गाडी आहे, साताऱ्या-कराडला उजेडात उतरवते आणि वाटेत पाजायला, फिरवायला मोकळीक असते. महालक्ष्मी रात्रीची, ती साताऱ्याला ऐन अपरात्री, गारठ्यात आणून सोडते. स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे, तेव्हा न्यायला येणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

गाडी कुठलीही असो, अंधार पडायच्या आत गावात पोहोचा. हिवाळा म्हणजे कारखान्यांचा गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. शिवाय ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटवतात. तो धूर संध्याकाळी खाली बसतो आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो.

उंबरठ्यावर

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतील, पायावर पाणी घालतील, औक्षण करतील. हे सगळं होऊ द्या. घाई करू नका, मोबाईल खिशात ठेवा, आईला कुणी तरी धरून उभं राहा कारण प्रवासाने ती दमलेली असते. पाणी कोमट असावं एवढंच आधी सांगा आणि निरांजन बाळाच्या कुंचीपासून हातभर लांब ठेवा. नायलॉनची झालर असलेली कुंची असेल तर जास्तच.

आत गेल्यावर बाळ पहिल्यांदा कुणाच्या मांडीवर द्यायचं हे बापाने आधीच ठरवलेलं असावं. घरातलं सगळ्यात मोठं माणूस. पणजी असेल तर पणजी, मग आजी-आजोबा, मग वयाने उतरत. यात चूक झाली की ती वर्षानुवर्षं काढली जाते. "माझ्या आधी धाकटीच्या मांडीवर दिला" हे वाक्य मी एका लग्नात ऐकलंय, आणि तो "दिलेला" तेव्हा दहावीत होता.

हातपाय धुण्याची सोय ओसरीवरच करून ठेवा. साबण, पाण्याची बादली, स्वच्छ टॉवेल. बाहेरून आल्यावर पाय धुऊनच घरात यायचं ही आपली जुनीच रीत, त्यामुळे कुणाला अपमान वाटत नाही. फक्त पायांबरोबर हातालाही साबण लागला पाहिजे. दोन बाबतीत मात्र कडक राहा. एक, रानात फवारणी करून आलेला माणूस. त्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. दुसरी मशेरी. आमच्या भागातल्या कित्येक बायका सकाळी मशेरी लावतात आणि त्याच बोटाने बाळाची हनुवटी धरतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. हे त्यांना लाजवून सांगू नका. आक्काला सांगा, ती सांगेल.

मुक्याचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तान्ह्याला सर्दी-खोकला, डांग्या खोकला मोठ्यांकडूनच लागतो, आणि ओठावर फोड आलेल्या माणसाचा मुका नवजात बाळाला जिवावर बेतू शकतो. पण आपल्याकडे याला तयार उत्तर आहे: अलाबला घ्या. बाळाच्या चेहऱ्यावरून लांबूनच हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. ओठ लागत नाहीत आणि माया पुरेपूर होते. जी मावशी मुका घ्यायला वाकेल तिला म्हणा, "मावशी, अलाबला घ्या की, तुमची बोटं लय मोडतात." ती खूश होते. जितकी बोटं मोडतात तितकी माया, हे तिलाही ठाऊक असतं.

भेटायला येणारे

घरोघर बाळ घेऊन फिरू नका. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी ओटी, आणि एका घरी गेलात की दुसरं घर मोजत बसतं. त्यापेक्षा घराच्या पुढच्या सोप्यात बसा आणि अकरा ते एकची वेळ सगळ्यांना सांगा. तेव्हा ऊन छान असतं, बाळाला उबदार वाटतं आणि येणाऱ्यांनाही रानातली सकाळची कामं उरकून येता येतं. भेटणं सोप्यात, झोपणं माजघरात; दोन्हींच्या मधलं दार बंद ठेवा.

एक गंमत सांगते. ज्या भावकीत बांधावरून बोलणं बंद आहे, तिथली माणसंही बाळ बघायला येतात. थोडी अवघडून दारातच उभी राहतात. अशांना बापाने उठून आत बोलवावं. बाळाच्या निमित्ताने बंद झालेली बरीच बोलणी सुरू होतात आणि पुढे वाटपाच्या वेळी त्याचा उपयोगही होतो.

येणारा प्रत्येक जण बाळाच्या हातात नोट ठेवतो. ती नोट बाळ तोंडात घालतं, आणि ती कुठून कुठे फिरून आलेली असते ते देवाला माहीत. एक नणंद शेजारी वही घेऊन बसवा. नोट हातावर टेकली की तिने उचलायची आणि नावापुढे आकडा लिहायचा. ही वही जपून ठेवा. त्या घरात पुढे बारसं, जावळ, लग्न निघालं की तुम्हाला ती लागणार.

बोलणी होणारच. कुणावर गेलंय, रंग कुणाचा, वजन किती, दूध पुरत नाही वाटतं. शेवटच्या वाक्याने नव्या आईचा धीर सुटतो, म्हणून तिने एक साधं माप लक्षात ठेवावं: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मुलगी झाली असेल आणि कुणी "पुढच्या वेळी हुईल मुलगा" म्हणालं, तर तिथेही बापानेच बोलावं, हसत पण स्पष्ट. "आम्हाला हीच पाहिजे होती." पेढे की बर्फी हा घोळ तर घालूच नका, पेढेच वाटा. साताऱ्यात येऊन बर्फी कोण खातं?

आईला थकवा आला की "बाळ भुकेलंय" म्हणून आत जायचं. हे कारण दिवसातून कितीही वेळा चालतं. तान्हं दोन-तीन तासांनी पितंच, त्यामुळे ते बहुधा खरंही असतं.

तेल, अंघोळ, धुरी आणि गुटी

खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

अंघोळ घालणारी आजी आली की तिला अडवू नका. पाय पसरून, बाळाला पायांवर पालथं घेऊन अंघोळ घालण्याचा तिचा हात तुमच्यापेक्षा सरावलेला असतो. पण वेळ तुमची. पहाटेचा पारा साताऱ्यात बारा-तेरा अंशांवर येतो, माण-खटावात आणि महाबळेश्वरच्या बाजूला त्याहूनही खाली, आणि दुपारी तोच तीसच्या जवळ जातो. तेव्हा अंघोळ ऊन वर आल्यावर, भेटायची वेळ व्हायच्या आत, दारं बंद करून. बंबातलं पाणी कढत असतं. ते विसणल्यावर तुमचं कोपर बुडवून बघा; कोपराला ऊन वाटलं तर बाळाला भाजेल. आदल्या दिवशी प्रवास झालाय आणि बाळ चिडचिडं आहे, तर नुसतं पुसून घेतलं तरी चालतं.

तेल लावायला खोबरेल उत्तम. ते अंगाला. नाकात, कानात, बेंबीत नाही. नाकात सोडलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याने न्यूमोनिया होतो. कापूर घातलेलं तेल किंवा बाम तान्ह्याला अजिबात नको, कापूर लहान बाळांना विषारी ठरतो. वेखंडाची पूड, पावडर हेही बाजूला ठेवा. हवेत उडालेली बारीक पूड बाळ आत ओढतं.

धुरी आणि शेक. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीची टरफलं टाकून बाळाला त्या धुरावर धरतात. धूर कशाचाही असो, तान्ह्याच्या छातीला वाईटच. आणि निखाऱ्यांची शेगडी रात्री बंद खोलीत ठेवणं त्याहून घातक. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. ऊब पाहिजे तर खोली दुपारी उन्हाने तापू द्या, सूर्य कलायच्या आत खिडक्या लावून घ्या. घर पत्र्याचं असेल तर ते रात्री फार गार पडतं. अशा वेळी मुक्काम दगड-मातीच्या किंवा स्लॅबच्या खोलीत मागून घ्या. मागायला संकोच करू नका.

धुरी काढून घेतलीत, तर दृष्ट काढायला द्या. मीठ-मोहरी, मिरच्या, जे असेल ते ओवाळू दे. फक्त ते चुलीत टाकायचं असेल तेव्हा बाळ दुसऱ्या खोलीत असावं, मिरचीचा खकाणा मोठ्यांनाही सोसत नाही.

काजळ डोळ्यांत नको. बाजारी काजळात शिसं सापडतं आणि घरी धरलेल्या काजळाने, बोटाने डोळ्यात जंतू जातात. तीट टोपड्यावर लावा. आजी कुरकुरेल, पण ठिपका दिसला की तिचं समाधान होतं.

आता गुटी आणि मध. मुरुडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक असं काय काय सहाणेवर उगाळून बाळाला चाटवतात, आणि त्यात मधाचं बोट असतं. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नाही. मधात असलेल्या जंतूंमुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, ज्यात बाळ लुळं पडतं आणि श्वास अडकतो. मध घरच्या पोळ्याचा असला, शुद्ध असला, तरी धोका तोच. इथे "थोडं चालतंय की" ला जागा नाही. "आमी न्हाई का पोरं वाढिवली?" हा प्रश्न येईल. त्याला वादाने उत्तर देऊ नका. "वाढवलीत म्हणून तर तुमच्याकडं आणलंय," असं म्हणा आणि सहाण उचलून ठेवताना तेलाची वाटी पणजीच्या हातात द्या. तळपाय चोळायचं काम तिचं. ते ती दिवसातून तीनदा करील आणि बाळही त्यावर झोपेल.

रात्र

बाळाला उताणं झोपवा, सपाट आणि टणक अंथरुणावर. उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. गोधडी खाली अंथरायला छान, बाळावर पांघरायला नाही. ती जड असते आणि तोंडावर सरकते. आपण घातलेत त्यापेक्षा एक थर जास्त, एवढं बाळाला पुरतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मान आणि छाती उबदार आहे का ते बघा. मानेला घाम असेल तर एक थर काढा. घरात झोपताना टोपडंही काढलेलं बरं.

थंडीत सगळ्या बायका एका मोठ्या अंथरुणावर झोपतात. बाळ दोन मोठ्यांच्या मध्ये, एका पांघरुणाखाली नको. त्याची जागा वेगळी, आईच्या हाताच्या अंतरावर. साडीच्या झोळीत दिवसा, कुणी तरी समोर बसलेलं असताना झोके द्या. रात्रभर झोळीत ठेवू नका, मान वाकून हनुवटी छातीला टेकते. डासांसाठी कॉईल न लावता छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी न्या. वीज जाते, तेव्हा बॅटरीही.

देवाला आणि बोरन्हाणाला

ग्रामदैवताला नेणं होणारच, आणि जावंच. सकाळी दहाच्या सुमारास, साध्या वाराला देऊळ रिकामं असतं. देवापुढे बाळ ठेवायचं तर खाली घडी घातलेलं दुपटं ठेवा, फरशी बर्फासारखी गार असते. भंडारा, गुलाल उधळायचा नाही. चिमूटभर पायाला लावला की झालं.

जत्रेच्या दिवसांत मात्र त्या बाजूला फिरकू नका. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीच्या खंडोबाची, मांढरदेवच्या काळूबाईची, या सगळ्या हिवाळ्यातच भरतात आणि लाखांनी माणूस येतं. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवला झालेली चेंगराचेंगरी आमच्या जिल्ह्यातलं कुणी विसरलेलं नाही. कुलदैवत तिथलं असेल तर यात्रा संपून गर्दी ओसरली की जा. आणि "आलोच आहोत तर महाबळेश्वर करू" हा बेत पुढच्या वर्षावर टाका.

मुक्काम संक्रांतीनंतर असेल तर बोरन्हाणाची गोष्ट निघेल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. बसता न येणाऱ्या बाळावर बोरं ओतू नका. आईने मांडीवर घ्यायचं, वरून मूठभर चुरमुरे, तेही डोळे वाचवून. बाकीचं बाजूला जमलेल्या पोरांनी लुटायचं. नंतर कुंचीच्या, झबल्याच्या घड्या झटकून बघा, एखादा हरभरा अडकलेला असतो आणि तो घशात जायला वेळ लागत नाही. दागिने फोटोपुरते. दोऱ्यात ओवलेलं काहीही गळ्यात ठेवून बाळ झोपवायचं नाही, आणि साखरेला मुंग्याही येतात. मोठं बोरन्हाण हवं असेल तर पुढच्या वर्षी, बाळ बसायला लागल्यावर करा. पाच वर्षांपर्यंत करता येतं, त्यामुळे "यंदा लहान, पुढच्या वर्षी दणक्यात" म्हटलं की सगळे तयार होतात.

दवाखाना

पोहोचल्या दिवशीच जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठे बसतो आणि रात्री कोण असतं ते विचारून ठेवा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. सोबत डिजिटल थर्मामीटर हवा; "अंग गरम लागतंय" यावर रात्री दोनला निर्णय घेता येत नाही.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघू नका. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. दोन महिन्यांखालच्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांच्या पुढे ५० किंवा जास्त भरला तर लगेच निघा. आमच्याकडे "पोट उडतंया" म्हणतात, म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, तेही तसंच. दूध ओढत नाही, हाक मारून, हलवून जागं होत नाही, ओठ निळसर दिसतात, झटके येतात: यातलं काहीही दिसलं तर घरातला कुठलाही उपाय करत बसू नका, बिब्बा नको आणि चटका तर नकोच. अशा वेळी कुणाला विचारायचं नसतं, गाडी काढायची असते. नुसतं नाक चोंदलंय, पण पितंय आणि हसतंय, तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब डॉक्टरांना विचारून आधीच पिशवीत ठेवा.

परत निघताना

निघायच्या दिवशी सकाळी कुणाला बोलवू नका, नाहीतर दुपारचे चार वाजतात. फोटोंचं त्या आधीच ठरवा. तुम्हाला बाळाचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला नको असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, चौथ्या दिवशी सांगून काही उरत नाही. पणजीला मात्र छापलेला फोटो पाठवा, कारण तिला मोबाईलमधलं दिसत नाही. डब्यात डिंकाचे लाडू देतील, ते आईसाठी आहेत. बापाने खाऊ नयेत.

घरी पोहोचल्यावर आठवडाभर बाळाच्या पिण्यावर आणि श्वासावर लक्ष ठेवा, गावातून उचललेली सर्दी दोन-चार दिवसांनी दिसते. आणि पोहोचल्याचा फोन केलात की पलीकडून विचारतीलच, "आता परत कवा?" तारीख देऊ नका. "लशीचं कार्ड बघून सांगतो" म्हणा.